अक्षर तिरपं करण्याआधी

तुळशीची लग्नं लागली की आपल्या बुलढाणा जिल्ह्यात, घाटावर असो की घाटाखाली, डीटीपीच्या दुकानात बसायला खुर्ची मिळत नाही. मुलीचे मामा, मुलाचे काका आणि पुण्याला शिकून आलेला एखादा चुलतभाऊ ऑपरेटरच्या खांद्यावरून स्क्रीनकडे पाहत पत्रिका जुळवून घेत असतात. नावं वाढत जातात, जागा कमी पडत जाते आणि सगळं कसंबसं मावल्यावर कोणीतरी म्हणतं, "भाऊ, लय साधी वाटून राह्यली. जरा डिझाइनमधी घ्या ना." ऑपरेटर सगळा मजकूर निवडतो, तिरप्या 'आय'चं बटण दाबतो आणि अख्खी पत्रिका उजवीकडे झुकते. मंडळी खूश होतात, पत्रिका छापायला जाते.

मला बोलायचं आहे ते त्या बटणाबद्दल.

तिरपं अक्षर सुंदर असतं, यात वाद नाही. इंग्रजी पुस्तकातलं इटॅलिक, म्हणजे नाजूक, पुढे झुकलेलं, जाड-बारीक रेषांचं अक्षर पाहिलं की नजर थांबते. तसं काहीतरी आपल्या लेकीच्या पत्रिकेवर असावं, ही हौसही रास्त आहे. माझं सांगणं एवढंच की मराठीत ते थोडं वापरा, ठरवून वापरा आणि वाचणाऱ्याचं ज्या ओळीवाचून अडणार आहे त्या ओळीला कधीही लावू नका. असं का, ते एकदा समजलं की नियम पाठ करावे लागत नाहीत. म्हणून आधी कारण सांगतो.

हे अक्षर आलं कुठून

इटलीतल्या व्हेनिस शहरात अल्डस मॅन्युशियस नावाचा विद्वान प्रकाशक होता. १५०१ साली त्याने व्हर्जिल या लॅटिन कवीचं पुस्तक छापलं, ते सबंध तिरप्या टाइपात. त्या टाइपाचे ठसे फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने कोरले होते. नमुना घेतला होता तिथल्या शिकल्या-सवरल्या लोकांच्या आणि कचेरीतल्या लेखनिकांच्या भरभर लिहिण्याच्या वळणाचा. हात वेगाने चालला की अक्षर पुढे कलतं आणि अरुंद होतं. पुस्तक हातात मावेल एवढं लहान होतं, त्याला हे अरुंद अक्षर सोयीचं पडलं. गंमत म्हणजे त्या पहिल्या इटॅलिकमधली कॅपिटल अक्षरं उभीच होती.

पुढे त्याच शतकात उभ्या आणि तिरप्या अक्षरांची जोडी जमली. हळूहळू तिरप्याची कामं ठरत गेली. पुस्तकाचं नाव, परभाषेतला शब्द, जोर द्यायचा शब्द, वनस्पती आणि किडींची शास्त्रीय नावं ही त्याची हक्काची जागा झाली.

हे इटॅलिक मुळातून वेगळं काढलेलं असतं. खात्री करायची असेल तर कॉम्प्युटरवर टाइम्स न्यू रोमन किंवा जॉर्जिया हा फॉन्ट घ्या, इंग्रजीतला लहान 'ए' आणि लहान 'एफ' टाइप करा आणि तिरपं बटण दाबा. 'ए'च्या डोक्यावरची कमान नाहीशी होते, 'एफ'ची शेपटी ओळीच्या खाली उतरते. अक्षराची घडणच बदलते, कारण तिथे कोणीतरी बसून दुसरं वळण रेखाटलेलं आहे.

आपलं भरभर वळण

आपल्याकडेही अशी दोन वळणं होती. पोथी-ग्रंथासाठी बाळबोध आणि दप्तरासाठी मोडी. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदभर आडव्या रेघा ओढायचा आणि मग हात फारसा न उचलता अक्षरं त्या रेघांना टांगत जायचा. वेगापायी अक्षरांना वळसे आले, गाठी आल्या. इटलीतल्या लेखनिकाने जे केलं तेच आपल्या कारकुनानेही केलं.

मोडी छापली गेली नाही असंही नाही. विल्यम कॅरीने १८१० साली सेरामपूरला मराठीचा शब्दकोश छापला, तो मोडी टाइपात. पण पुढे मुंबईत गणपत कृष्णाजींच्या छापखान्याने आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागरने बाळबोध अक्षर इतकं देखणं केलं की छपाईत तेच राहिलं. मोडी दप्तरात उरली आणि कालांतराने तिथूनही गेली. उभ्या बाळबोधीच्या शेजारी, त्याच पानावर, त्याच मापात, तिची जोडीदार म्हणून मोडी कधी बसली नाही. इटालियन लेखनिकाच्या वळणाला छापखान्यात जी जागा मिळाली, ती आपल्या कारकुनाच्या वळणाला मिळाली नाही.

म्हणून खिळे जुळवण्याच्या काळात मराठी कंपोझिटरला एखादा शब्द उठून दाखवायचा असला की तो ब्लॅक टाइप घ्यायचा, पॉइंट वाढवायचा, नाहीतर शब्द एकेरी अवतरणात घालायचा. मराठी वाचकाच्या डोळ्याला ही सवय पडलेली आहे. कॉम्प्युटर आला तेव्हा इंग्रजीसाठी केलेलं तिरपं बटण त्याच्यासोबत आलं. ते मराठीवरही चालतं, म्हणून आपण चालवतो.

बटण दाबल्यावर होतं काय

फॉन्टमध्ये वेगळं तिरपं रूप नसलं तर कॉम्प्युटर उभ्या अक्षराला नुसतं ढकलतो. तळ जागेवर राहतो, डोकं उजवीकडे जातं. बारा अंशांचा कल दिला तर एक फूट उंचीच्या अक्षराचा माथा जवळपास अडीच इंच सरकतो. जितकं वर, तितकं जास्त सरकणं.

आता मराठी अक्षराची मांडणी डोळ्यांपुढे आणा. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. अक्षर ढकललं की वरची चिन्हं उजवीकडे पळतात आणि उकार डावीकडे मागे राहतो. अनुस्वार शेजारच्या अक्षराचा वाटायला लागतो. इंग्रजी अक्षराला वर-खाली असा पसारा नसतो, त्यामुळे त्याचं एवढं बिघडत नाही.

दुसरी अडचण शिरोरेषेची. दांडे कलतात, शिरोरेषा मात्र आडवीच राहते. ज्या काटकोनावर आपलं अक्षर उभं असतं तो मोडतो. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका फटीचा आहे. ब आणि व, ष आणि प यांच्यातला फरक पोटातल्या एका रेघेचा आहे. त्यांना तिरपं केलं, वर जाड केलं आणि त्यावर पुन्हा पांढरी कड आणि काळी सावली दिली, की फट बुजते आणि रेघ हरवते. मग वाघांचे वाध होतात आणि भगतांचे मगत.

तिसरी गोष्ट बोरूची. देवनागरी लिहिण्यासाठी बोरूचं टोक इंग्रजी लेखणीच्या उलट बाजूने तिरकं छाटतात. त्यामुळे आपल्या अक्षरातल्या जाड आणि बारीक रेषांच्या जागा इंग्रजीच्या उलट असतात. अक्षर उजवीकडे ढकललं की आपल्या जाड रेषा ताणून बारीक होतात आणि बारीक रेषा आखडून जाड होतात. जाड-बारीकपणाची जी शोभा होती तीच पातळ होते. म्हणजे नटवण्यासाठी दाबलेलं बटण अक्षराचा साज काढून घेतं.

फॉन्ट निवडताना

विंडोजवर वर्षानुवर्षं दिसणारा मंगल हा फॉन्ट अक्षरकार र. कृ. जोशी यांनी काढला. त्यात उभं आणि जाड एवढीच रूपं आहेत. निर्मला यूआयमध्येही तिरपं रूप नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा मुक्ता फुकट मिळतो, त्यात सात जाडी आहेत, पण तिरपं एकही नाही. हा उणेपणा समजू नका. मराठी मजकुराला सहसा त्याची गरज पडत नाही. मात्र या फॉन्टांवर तिरपं बटण दाबाल तर वर सांगितलेली ढकलाढकल होणार, हे ध्यानात असू द्या.

तिरपं रूप सोबत घेऊन येणारे मराठी फॉन्टही आहेत. विंडोजसाठी मिळणारे कोकिला, अपराजिता आणि उत्साह यांच्यात ते आहे. 'टिरो देवनागरी मराठी' हा फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर विनामूल्य आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनगृहाने मूर्ती क्लासिकल लायब्ररी या ग्रंथमालेसाठी करवून घेतलेल्या अक्षरांतून तो आला. रेषा जाड-बारीक, वळण जुन्या छापील ग्रंथांसारखं, आणि सोबत तिरपं रूपही. नाजूक, भारदस्त तिरपं अक्षर हवंच असेल तर शोध इथून सुरू करा.

कोणताही फॉन्ट घेण्याआधी ही ओळ त्यात छापून पाहा: शेतकऱ्यांच्या दुसऱ्या बँकेत, ॲड. ज्ञानेश्वर, शेगाव, लोणार, क्षेत्र सिंदखेडराजा. 'ऱ्या' नीट जुळतो का, 'ॲ'वरचा चंद्र जागेवर आहे का, 'ज्ञ' ओळखू येतो का, ते बघा. ल आणि श मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे, तेही बघा. आधी उभ्यात, मग तिरप्यात, आणि पडद्यावर न पाहता कागदावर पाहा. पडद्यावर मोठं करून बघितलेलं अक्षर नेहमीच चांगलं दिसतं.

पत्रिकेत काय करावं

वधू-वरांची दोन नावं मोठ्या पॉइंटात असतात, आजूबाजूला जागा असते आणि ती सगळ्यांना आधीच माहीत असतात. तिथे तिरपं अक्षर शोभतं. फार तर वरची एक निमंत्रणाची ओळही तिरपी घ्या. तारीख, वार, मुहूर्त, विवाहस्थळ, गावाचा रस्ता आणि फोन नंबर मात्र उभ्या अक्षरातच ठेवा, आणि चौदा पॉइंटांच्या खाली नेऊ नका. लोक पत्रिका दोनदा वाचतात. पहिल्यांदा कोणाकडचं लग्न ते पाहायला, दुसऱ्यांदा निघायच्या दिवशी वेळ आणि ठिकाण पाहायला. दुसऱ्या वाचनाला गाडी उभी असते.

नावांची यादी मावत नाही, ही खरी अडचण आहे, आणि नाव गाळलं तर सोयरे रुसतात हेही खरं. अशा वेळी ऑपरेटर अक्षरं दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करतो. ते करू देऊ नका. यादी दोन रकान्यांत घ्या, 'श्री.' आणि 'सौ.' प्रत्येक नावापुढे छापण्याऐवजी वर एकदाच आदराची ओळ द्या. तरीही मावलं नाही तर आणखी एक पान वाढवा.

खरोखर वेगळं काही हवं असेल तर एक उपाय सांगतो. वधू-वरांची नावं फॉन्टमध्ये न घेता हाताने लिहून घ्या. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं हाताने रेखाटली. प्रत्येक नावाचा कल, जाडी आणि फाटा त्या नाटकाच्या स्वभावाप्रमाणे. हाताने तिरपं काढताना माणूस वेलांटी कुठे वळवायची आणि अनुस्वार कुठे ठेवायचा ते अक्षरागणिक ठरवतो. बटणाला ते ठरवता येत नाही. खामगाव, मलकापूर, चिखली, मेहकर अशा गावांत फ्लेक्समुळे धंदा बुडालेले पेंटर अजून आहेत. त्यांच्याकडून दोन नावं कागदावर लिहून घ्या, रास्त मोबदला द्या, स्कॅन करा आणि पत्रिकेत बसवा. अशी पत्रिका दुसऱ्या कोणाकडे नसेल.

इंग्रजी अक्षर घेताना

इंग्रजीतलं लफ्फेदार तिरपं अक्षर आपण दोन ठिकाणी हमखास वापरतो. पत्रिकेच्या इंग्रजी बाजूला आणि नवरदेवाच्या गाडीच्या मागच्या काचेवर. तिथे एकच नियम पाळा. अशा फॉन्टात सगळी अक्षरं कॅपिटल घेऊ नका. त्यातलं कॅपिटल अक्षर शब्दाच्या सुरुवातीला मिरवण्यासाठी काढलेलं असतं, त्याच्या शेपट्या लांब असतात. अशी सात-आठ ओळीने उभी केली की शेपट्या एकमेकींत गुंततात आणि नाव वाचता येत नाही. पहिलं अक्षर कॅपिटल, बाकीची लहान, एवढं केलं तरी पुरे.

फ्लेक्स, फलक आणि नोटीस

बारा जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सवासाठी राज्यभरातून माणसं येतात. गजानन महाराजांच्या प्रकट दिनाला शेगावचे रस्ते भरतात. त्या वाटेवर लागणारे स्वागताचे आणि शुभेच्छांचे फ्लेक्स लोक चालत्या गाडीतून वाचतात. एवढ्या वेळात डोळ्याला चार-पाच शब्द मिळतात, तेवढेच मोठे आणि उभे घ्या. समृद्धी महामार्गावर मेहकरला किंवा सिंदखेडराजाला कुठे वळायचं ते सांगणाऱ्या फलकांवरची अक्षरं बघा. साधी, उभी, सुटी. वेगात वाचायचं अक्षर असंच लागतं. पार्किंग, पाणी, दवाखाना आणि दर्शनरांग दाखवणारे बाण तर चुकूनही तिरप्या अक्षरात करू नका. बाहेरगावच्या माणसाला ते गर्दीत वाचायचे असतात.

ग्रामपंचायतीची नोटीस, सोसायटीचं पत्रक, शाळेचं पालकांसाठीचं पत्र यांतही तिरपं अक्षर नको. ज्यांना अक्षरओळख कमी आहे ते एकेक अक्षर लावत वाचतात. त्यांना अक्षराचं रूप ओळखीचंच दिसलं पाहिजे. शाळेतल्या शिक्षकांना वेगळी विनंती आहे. पहिली-दुसरीच्या कार्यपत्रिकेत एकही अक्षर तिरपं करू नका. लेकरू जसं बघेल तसंच गिरवेल.

शेतीच्या पत्रकात तिरप्याची खरी गरज पडते. गुलाबी बोंडअळीचं किंवा सोयाबीनचं शास्त्रीय नाव इंग्रजी लिपीत असेल तर ते इटॅलिकमध्येच हवं, तो जगभरचा संकेत आहे. तेच नाव देवनागरीत लिहिलंत, उदाहरणार्थ 'पेक्टिनोफोरा गॉसिपिएला', तर एकेरी अवतरण पुरतं. लोणारच्या माहितीपत्रकातही असंच करा. सरोवरातल्या शेवाळाचं नाव इंग्रजी बाजूला तिरपं, मराठी बाजूला अवतरणात.

स्मरणिका आणि कवितेचं पान

शाळांच्या, पतसंस्थांच्या, मंडळांच्या स्मरणिकांत संपादकीय आणि मनोगत सबंध तिरप्या अक्षरात छापण्याची एक पद्धत पडली आहे. दोन-दोन पानं अशी वाचताना डोळा थकतो, आणि ज्याचं मनोगत आहे त्याच्यावरच अन्याय होतो. संपादकीय वेगळं दाखवायचं असेल तर समास मोठा घ्या, ओळींत थोडं जास्त अंतर सोडा, भोवती बारीक चौकट घाला.

कवितेचं तसं नाही. ओळी लहान असतात, पान मोकळं असतं. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांच्यासारख्यांची चार-सहा ओळींची रचना परवानगी घेऊन स्मरणिकेत घ्यायची झाली, तर तिथे चांगलं काढलेलं तिरपं अक्षर खुलून दिसेल. फक्त ओळी मध्यभागी कोंबू नका. डावीकडून एका रेषेत सुरू करा आणि भोवती जागा सोडा. अल्डसनेही या अक्षरात पहिलं सबंध पुस्तक छापलं ते कवितेचंच.

शेवटी दोन विनंत्या

पहिली विनंती घरच्या मंडळींना. प्रूफ व्हॉट्सॲपवर पाहून 'ओके' लिहू नका. साध्या कागदावर खऱ्या मापात एक प्रिंट काढायला सांगा आणि ती पत्रिका जुळवताना जो हजर नव्हता अशा माणसाच्या हातात द्या. जिथे तो अडखळेल तिथलं अक्षर बदला. जुळवणाऱ्याला मजकूर पाठ झालेला असतो, त्याला चुका दिसत नाहीत.

दुसरी विनंती दुकानात बसणाऱ्या ऑपरेटर बंधू-भगिनींना. लग्नसराईत गिऱ्हाइकांची घाई तुम्हाला सोसावी लागते, हे दिसतं. म्हणून त्यांच्याशी वाद घालायला सांगत नाही. एकच करा. एकाच मजकुराच्या दोन पत्रिका छापून दुकानाच्या भिंतीवर लावा. एक सगळी तिरपी. दुसरीत नावं तिरपी आणि बाकी सगळं उभं. 'जरा डिझाइनमधी घ्या' म्हणणाऱ्याला त्या दोन्ही दाखवा आणि चार हात लांबून विवाहस्थळ वाचायला सांगा. मग त्याला जे हवं ते करा. बहुतेक जण दुसरी मागतील, आणि तुमचं बटण दाबायचं कामही वाचेल.